पाण्यावर सोडलेली चिठ्ठी: न्यूटचा प्रणय आणि त्यामागची जनुकं

एका टाकीत दोन माद्या आहेत. नर कुठेच नाही. पण टाकीतलं पाणी साधं नाही. थोड्या वेळापूर्वी याच पाण्यात एका नरानं तिसऱ्याच एका मादीसमोर आपला प्रणयनाच केला होता. मग नर बाहेर काढला, ती मादीही काढली, पाणी तेवढं ठेवलं. आता या उष्ट्या पाण्यात सोडलेल्या दोघींपैकी एक दुसरीच्या मागे चालू लागते, पुढचीच्या शेपटीला नाक लावते, पुढे नरच चालला आहे अशा थाटात. साध्या पाण्यात सोडलेल्या माद्या यातलं काही करत नाहीत.

हा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात 'अल्पाइन न्यूट' आणि 'स्मूथ न्यूट' या युरोपातल्या दोन प्रजातींच्या माद्या होत्या. आणखी एक गंमत अशी की समोरची मादी आपल्या प्रजातीची आहे की परक्या, याचंही त्यांना काही पडलेलं नव्हतं. डोळ्यांसमोर दुसरी मादी, तीही कदाचित वेगळ्याच जातीची, आणि तरी वागणं असं की जणू नर भेटला. पाण्यात असं काय विरघळलं होतं?

थोडक्यात उत्तर द्यायचं तर प्रथिनं. पण ती प्रथिनं आली कुठून, किती जुनी आहेत आणि वाटेत त्यांचं काय काय झालं, ही गोष्ट मला नाचापेक्षाही रंगतदार वाटते.

न्यूट म्हणजे कोण आणि त्याची अडचण काय

पहिल्यांदा पाहणारा न्यूटला सरडा किंवा पाल समजतो. तो सरडा नाही. अंगावर खवले नाहीत, कातडी ओलसर, आणि नातं बेडकांशी. सॅलॅमँडर नावाच्या उभयचरांच्या मोठ्या गटातलं हे एक घराणं. विणीच्या हंगामात बहुतेक न्यूट पाण्यात उतरतात.

नराची अडचण अशी की त्याला समागमाचं इंद्रियच नाही. तरीही अंड्यांचं फलन होतं ते मादीच्या शरीराच्या आत. मासे किंवा बहुतेक बेडूक पाण्यात अंडी आणि शुक्राणू मोकळे सोडून देतात, तसलं हे नव्हे. नर शुक्राणूंची एक चिकट पुडी तळाच्या मातीवर ठेवतो आणि मादीनं त्या पुडीवरून चालत जाऊन ती स्वतः उचलून घ्यायची असते. उचलायची ती अवस्करानं, म्हणजे मल, मूत्र आणि जनन या तिन्हींसाठी असलेल्या एकाच द्वारानं. नरानं धरायचं नाही, ओढायचं नाही. मादी एक बोट बाजूला सरकली की पुडी वाया गेली.

पामेट न्यूटचा नर जवळून पाहा. बोटभर लांबीचा, हंगामात मागच्या पायांना काळपट पडदे आलेले, शेपटीच्या टोकाला दोऱ्यासारखा बारीक तंतू. तो मादीच्या पुढ्यात येऊन आडवा उभा राहतो, शेपूट दुमडून स्वतःच्या कुशीला लावतो आणि तिचं टोक भराभर थरथरवतो. आपण पंख्यानं वारा घालतो तसा तो पाण्याचा झोत थेट मादीच्या नाकाकडे घालतो. मादी कधी निघून जाते, कधी थांबते. थांबून ती त्याच्या दिशेनं चालू लागली की तो वळतो आणि तिच्यापुढे हळूहळू सरकतो. ती मागून येऊन त्याच्या शेपटीला नाक लावते. तो स्पर्श झाला की पुडी खाली पडते. मग नर साधारण आपल्याच अंगाइतकं अंतर पुढे जाऊन आडवा होतो आणि तिची वाट अडवतो. हिशोब बरोबर जमला, तर ती थांबते तेव्हा तिचं अवस्कर बरोबर पुडीच्या वर आलेलं असतं.

एवढ्या सगळ्यात नरानं मादीला धरलं कुठेच नाही. सगळी भिस्त मादीनं मागे येण्यावर, आणि ती मागे येते ती त्या झोतामुळे.

फेरोमोन: ओढणारा आणि मनवणारा

शरीराच्या आत एका अवयवाचा निरोप दुसऱ्या अवयवाला पोचवणारं रसायन म्हणजे हार्मोन. एका प्राण्याचा निरोप त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याला पोचवणारं रसायन म्हणजे फेरोमोन. हा शब्द १९५९ सालचा. त्याच वर्षी रेशीमपतंगाच्या मादीचं 'बॉम्बिकॉल' हे फेरोमोन ओळखलं गेलं. त्यासाठी सुमारे पाच लाख पतंगांच्या ग्रंथी गोळा कराव्या लागल्या होत्या.

पतंगाच्या या उदाहरणामुळे आपल्या डोक्यात फेरोमोनचं एकच चित्र बसलं आहे: लांबून वास आला आणि प्राणी ओढला गेला. न्यूटमध्ये हे चित्र अपुरं पडतं. नर शेपूट हलवायला लागतो तोवर मादी समोर आलेलीच असते, मग आता ओढायचं कुणाला? इथे फेरोमोनचं काम वेगळं आहे. समोर असलेल्या मादीला पुढच्या टप्प्यासाठी राजी करणं, हे ते काम. लांबून हाक मारणारा वेगळा आणि दारात उभा राहून मन वळवणारा वेगळा. पुढच्या गोष्टीत हे दोन्ही येतील, म्हणून हा फरक लक्षात ठेवा.

जपानी बाही

१९९५ साली जपानी संशोधकांनी लाल पोटाच्या न्यूटच्या नरातून एक छोटं रसायन वेगळं केलं. प्रथिनं ज्या मण्यांची बनतात त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. शेकडो मण्यांची माळ म्हणजे प्रथिन, मोजक्या मण्यांची माळ म्हणजे पेप्टाइड. हे रसायन अवघ्या दहा मण्यांचं होतं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत ओळखलं गेलेलं हे पहिलं पेप्टाइड फेरोमोन. ते नराच्या अवस्कराजवळच्या ग्रंथींतून पाण्यात येतं आणि मादी त्याच्याकडे खेचली जाते. म्हणजे हा झाला हाक मारणारा.

नाव ठेवलं 'सोडेफ्रिन'. 'सोडे' म्हणजे जपानी पोशाखाची बाही आणि 'फुरी' म्हणजे हलवणं. जुन्या जपानमध्ये बाही हलवणं ही प्रेमाची खूण होती. शेपूट हलवणाऱ्या नरासाठी याहून नेमकं नाव शोधून सापडलं नसतं. विज्ञानातली नावं सहसा इतकी देखणी नसतात.

जपानच्या दक्षिणेकडच्या र्‍युक्यू बेटांवर याच न्यूटची एक जवळची प्रजाती राहते. तिच्या नरातही दहाच मण्यांचं पेप्टाइड निघालं, त्याचं नाव 'सिलेफ्रिन'. दोन्ही माळा शेजारी ठेवल्या की आठ मणी सारखे आणि दोन वेगळे, तिसरा आणि आठवा. तेवढ्या फरकानं लाल पोटाच्या न्यूटची मादी सिलेफ्रिनला भुलत नाही, आणि बेटांवरची मादी सोडेफ्रिनला.

त्याहून बारीक फरक नारा या भागात सापडला. तिथले न्यूट लाल पोटाचेच, म्हणजे प्रजाती तीच, पण त्यांच्या पेप्टाइडमध्ये फक्त आठवा मणी बदललेला. 'आओनिरिन' नावाचा हा प्रकार नाराच्या माद्यांना ओढतो, इतर भागांतल्या माद्यांना नाही. बोलीभाषा गावागणिक बदलते म्हणतात, तसंच हे. फरक एवढाच की इथे सगळी बोली दहा अक्षरांत मावते.

मग युरोपातल्या न्यूटमध्ये सोडेफ्रिन का नाही?

साहजिक वाटलं होतं की युरोपातले न्यूटही असंच काहीतरी छोटं पेप्टाइड वापरत असतील. सोडेफ्रिन स्वतंत्रपणे बनत नाही. आधी एक मोठं प्रथिन तयार होतं आणि त्याच्या शेवटाकडचा दहा मण्यांचा तुकडा कापून काढला जातो. या मोठ्या प्रथिनाचे भाऊबंद इतर सॅलॅमँडरांतही सापडू लागले. त्या सगळ्या कुटुंबाला 'सोडेफ्रिनच्या पूर्वसुरीसारखी प्रथिनं' अशा अर्थाचं लांबलचक नाव मिळालं. त्याचं संक्षिप्त रूप एसपीएफ, आणि आपण तेच वापरू.

२०१५ साली ब्रसेल्समधल्या संशोधकांनी पामेट न्यूटचा नर शेपटीनं नेमकं काय सोडतो ते तपासलं. कापलेले तुकडे नव्हतेच. अख्खी, न कापलेली एसपीएफ प्रथिनं होती, वजनानं सोडेफ्रिनच्या जवळजवळ वीसपट, अंगावर साखरेच्या साखळ्या लगडलेल्या. आणि एक नव्हे, अनेक प्रकारची एकाच वेळी. ही प्रथिनं पाण्यात घातली की मादी मागे चालू लागे. नर असण्याची गरज नव्हती. हा झाला मन वळवणारा.

इथे एक व्यावहारिक अडचण सांगतो. न्यूटच्या जनुकांचा अभ्यास करणं हे मुळात संयमाचं काम आहे. माणसाचा जनुकसंच म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरं. 'प्लुरोडेलिस' नावाच्या न्यूटचा सुमारे २,००० कोटी. त्यातला प्रचंड भाग एकाच मजकुराच्या पुन्हापुन्हा निघालेल्या प्रती. म्हणून संशोधक सगळं ग्रंथालय वाचत बसत नाहीत. ऐन हंगामात नराच्या ग्रंथीत कोणती पुस्तकं उघडी पडली आहेत, म्हणजे कोणत्या जनुकांवरून त्या क्षणी प्रथिनं बनवण्याचं काम चालू आहे, तेवढंच पाहतात. या ग्रंथींत एसपीएफची पानं उघडी सापडली.

नवीन जनुक येतं कुठून?

एखादा अर्ज भरायचा असेल आणि प्रत एकच असेल, तर आपण त्यावर जपून लिहितो. झेरॉक्स काढून ठेवली असेल तर एका प्रतीवर वाटेल तशी खाडाखोड करता येते, मूळ कागद शाबूत राहतो. जनुकांचंही असंच. पेशी स्वतःचा मजकूर उतरवून घेताना कधीकधी एखादं जनुक चुकून दोनदा उतरवलं जातं. एक प्रत जुनं काम सांभाळते. दुसरीवर पिढ्यानपिढ्या चुका साचत जातात. बहुतेक वेळा ती निकामी होते. क्वचित तिला नवं काम सापडतं.

एसपीएफचं कुटुंब असंच वाढलं. मूळ घराणं 'तीन बोटी' प्रथिनांचं. या प्रथिनांची घडी अशी असते की मधल्या गाठीतून तीन लूप बोटांसारखे बाहेर येतात आणि गंधकाचे टाके ती घडी घट्ट धरून ठेवतात. नागाच्या आणि मण्यारीच्या विषातली, मज्जातंतूंचा संदेश स्नायूपर्यंत पोचू न देणारी विषद्रव्यं याच घराण्यातली. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर बसून आपल्याच रोगप्रतिकारक यंत्रणेपासून त्यांना वाचवणारं एक प्रथिनही याच घराण्यातलं. घडी एकच, पण कुठे विष, कुठे ढाल आणि कुठे प्रेमपत्र. ही घडी इतकी घट्ट असते की बोटांच्या टोकांवरचे मणी बदलले तरी सांगाडा ढासळत नाही, आणि टोकं बदलली की ते प्रथिन कशाला चिकटणार हेही बदलतं. उत्क्रांतीला खाडाखोडीसाठी असलाच कागद लागतो.

सॅलॅमँडरांमध्ये या जनुकाच्या प्रती निघत गेल्या. शेपटीनं झोत घालणाऱ्या न्यूटांनी त्यातल्या पुष्कळ जुन्या-नव्या प्रती जपून ठेवल्या आहेत.

६२ अक्षरांची चूक

आता परत सोडेफ्रिनकडे. बाकी सगळे न्यूट अख्खं प्रथिन वापरत असताना जपानी न्यूटकडे हा दहा मण्यांचा तुकडा आला कुठून? माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग हाच.

जनुकाचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचला जातो. एक गट म्हणजे एक मणी. मध्ये मोकळी जागा नाही, विरामचिन्ह नाही, सुरुवातीपासून तीन-तीन मोजत जायचं. मराठीत असं वाक्य घेऊ:

मदन रकम लपव

प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा. आता 'मदन'नंतर चुकून तीन अक्षरं घुसली, तर एक शब्द वाढेल आणि पुढचं सगळं जागच्या जागी राहील. पण दोनच घुसली तर? समजा 'शह' ही दोन अक्षरं आली. वाचणारा नेहमीसारखा तीन-तीन मोजत गेला, तर त्याला दिसेल:

मदन शहर कमल पव…

रकम गेली, लपवणंही गेलं. शेवट फाटून लोंबकळत राहिला. आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना 'शहर' आणि 'कमल' हे दोन धड शब्द उगवले. 'कमल'ची अक्षरं तर आधीपासून तिथेच होती, फक्त चुकीच्या ठिकाणी तुटत होती.

जपानी न्यूटच्या पूर्वजात नेमकं हेच घडलं. एसपीएफच्या एका जनुकात ६२ अक्षरं घुसली. ६२ ला तीननं भाग जात नाही. वीस गट होतात आणि दोन अक्षरं उरतात. त्या दोन अक्षरांनी पुढचं वाचन सरकवलं आणि प्रथिनाचं शेपूट पूर्णपणे नव्या मण्यांचं बनलं. त्या नव्या शेपटात, कापून वेगळा करता येईल असा, दहा मण्यांचा एक तुकडा होता. तोच पुढे सोडेफ्रिन झाला. २०१५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नऊ प्रजातींची जनुकं शेजारी ठेवून हे उलगडलं.

अशी सरकलेली वाचनं सहसा घातक असतात, कारण अर्थाचा चिखल होतो. इथे तसं झालं नाही याचं कारण पुन्हा ती झेरॉक्स. एसपीएफच्या इतर प्रती मन वळवण्याचं जुनं काम करत होत्याच. या एका प्रतीचं वाटोळं झालं असतं तरी नराचं फार अडलं नसतं.

पण ऐकणारीला नवी भाषा कळली कशी?

हा आक्षेप रास्त आहे. नरानं नवा शब्द काढला तरी मादीच्या नाकाला तो ओळखता आला पाहिजे. दोघांत एकाच वेळी जुळणारा बदल होणं म्हणजे दोन अनोळखी माणसांनी एकाच रात्री एकच गुप्त लिपी शोधण्यासारखं आहे.

पण दोघांनी एकदम बदलायची गरजच नसते. न्यूटच्या नाकात गंध ओळखणाऱ्या मुख्य पडद्याखेरीज अशा रेणूंसाठी एक वेगळं दालन असतं, आणि त्यात नाना प्रकारची ग्राहकप्रथिनं, म्हणजे बाहेरून आलेला रेणू चिकटला की त्याची वर्दी देणारी प्रथिनं असतात. त्यातल्या एखाद्याला नवा तुकडा अर्धामुर्धा जरी चिकटला, तरी सुरुवातीला पुरतं. जुना निरोप चालूच असतो, नवा त्याच्या सोबतीनं येतो. ज्या नराच्या निरोपात ही जास्तीची कुजबुज आहे त्याच्याकडे माद्या थोड्या जास्त वळल्या, तर ते जनुक पसरतं, आणि मग माद्यांच्या ग्राहकांवरही त्याला नीट ओळखण्याचा दाब येतो. नारा आणि र्‍युक्यू बेटांवरचे फरक हेच दाखवतात की एखादा मणी बदलला तरी त्या-त्या भागातली जोडी आपसात जुळवून घेते.

तीस कोटी वर्षं मोजली कशी?

पामेट न्यूटचा एकच नर जी वेगवेगळी एसपीएफ प्रथिनं सोडतो, त्यांची फाटाफूट सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली असा अंदाज आहे. डायनासोर यायला तेव्हा काही कोटी वर्षं बाकी होती. ऐकणारा लगेच विचारतो: प्रथिनांचे जीवाश्म मिळाले की काय?

नाही. हिशोब घराण्यांच्या वाटणीसारखा आहे. समजा दोन चुलत घराण्यांत, आज एकमेकांशी संबंध नसतानाही, सारख्याच दोन जुन्या वस्तू आहेत, अ आणि ब. मग अ आणि ब हे दोन्ही प्रकार वाटणीच्या आधीपासून घरात होते, हे उघड आहे. जनुकांचंही तसंच. एका न्यूटमधल्या अ आणि ब प्रतींत जेवढं अंतर आहे, त्यापेक्षा त्या न्यूटची अ आणि दूरच्या सॅलॅमँडरची अ या जास्त जवळच्या निघाल्या, तर प्रत निघाली ती दोघांचे पूर्वज वेगळे होण्याआधी. पूर्वज कधी वेगळे झाले, याला हाडांच्या जीवाश्मांचे टेकू आहेत. त्या टेकूंवर बेतून, मजकुरात किती चुका साचल्या आहेत त्यावरून काळ काढतात. आकडा काही कोटींनी इकडेतिकडे होऊ शकतो, पण पृष्ठवंशी प्राण्यांतल्या सर्वांत जुन्या फेरोमोन यंत्रणांत ही मोडते, हे त्यामुळे बदलत नाही.

एक पुरेल, मग इतकी कशाला?

कारण एकाच किल्लीवर भरवसा ठेवणारा अडकतो. एखाद्या मादीचं एक ग्राहक मंद असेल तर दुसरं जागं असतं. निरोपाला अनेक धागे असले की एखादा तुटला तरी चालतं.

पण नवे धागे येतात कसे, याचं एक चांगलं उदाहरण २०१८ मध्ये पुढे आलं. एसपीएफच्या जोडीला न्यूटांच्या ग्रंथींत आणखी एक, थोडं हलकं प्रथिनकुटुंब सापडलं. त्याला नाव दिलं 'परस्वेसिन', म्हणजे मनवणारं. त्याचं मूळ जनुक शरीराच्या आतल्या अवयवांत काम करणाऱ्या एका लांबलचक प्रथिनाचं, ज्याचा प्रणयाशी काडीचा संबंध नाही. त्याची प्रत निघाली. प्रतीतून काही भाग गळाले. कापण्याची एक खूण नव्यानं आली. उरलेला तुकडा आकारानं एसपीएफसारखा दिसू लागला. आणि मग ही प्रत फेरोमोन बनवणाऱ्या ग्रंथीत चालू झाली. या दोन कुटुंबांतल्या प्रथिनांचे विद्युतभार असे आहेत की ती एकमेकांना धरून राहत असावीत, म्हणजे झोतातून मादीच्या नाकात एकत्र पोचत असावीत. माद्यांवरच्या चाचण्यांतही परस्वेसिनमुळे प्रतिसाद वाढल्याचं दिसलं.

जुन्या वस्तूला नवं काम लावण्याच्या या पद्धतीत योजना कुणाचीच नाही. आतल्या अवयवाचं जनुक 'मी प्रेमात उपयोगी पडेन' म्हणून तयारी करत नव्हतं.

म्हणजे मादी स्वतः काही ठरवतच नाही का?

पहिला प्रयोग वाचून असं वाटणं साहजिक आहे. पण तिथे माद्यांना नराच्या झोताचं पाणी आयतं दिलं होतं. तळ्यात तो झोत नाकापर्यंत यायला तिला आधी थांबावं लागतं. नको असेल तर ती नाच सुरू होण्याआधीच निघून जाते, आणि नराला काही करता येत नाही. म्हणजे तिची निवड झोताच्या आधी असते. झोत पोचल्यावर मात्र ती समोरच्याला पारखत बसत नाही.

परक्या प्रजातीशी जोडी लागणार नाही का? सहसा लागत नाही, कारण नरही सुरुवातीच्या भेटीत मादी हुंगतो, बघतो, आणि मगच नाच सुरू करतो. पण हे कुंपण अभेद्य नाही. पश्चिम फ्रान्समध्ये दोन वेगळ्या प्रजातींचे मोठे न्यूट, तुरेवाला आणि संगमरवरी, एकाच तळ्यात येतात आणि त्यांची संकरित पिल्लं सापडतात.

शेपूट थांबली की जनुकही झोपतं

सगळे भाऊबंद शेपटीनं झोत घालत नाहीत. काही नर मादीला खालून हातांनी धरतात. काही प्रजातींनी प्रणय जमिनीवर नेला. जिथे शेपटीचा झोत सुटला, तिथे एसपीएफचं महत्त्वही घटलं, काही ठिकाणी तर ग्रंथींत ते बनणंच बंद झालं. निरोप नेणारा डाकिया गेला, मग चिठ्ठ्या लिहायच्या कशाला?

अमेरिकेतल्या फुप्फुसं नसलेल्या सॅलॅमँडरांनी वेगळीच वाट धरली. त्यांच्या नराची ग्रंथी हनुवटीखाली असते आणि काही प्रजातींत तो ती हनुवटी सरळ मादीच्या नाकपुड्यांवर थापटतो. काहींत तो दातांनी तिची कातडी खरवडून फेरोमोन थेट रक्तात पोचवतो. प्रेमाचं इंजेक्शनच म्हणा. त्यांच्यापैकी एका शाखेत एसपीएफची जागा दुसऱ्याच घराण्यातल्या प्रथिनानं घेतली आहे, आणि ते प्रथिन रोगप्रतिकारक यंत्रणेत संदेश नेणाऱ्या प्रथिनांचं नातलग आहे. मादी लवकर राजी होते हे त्याचं काम १९९९ मध्ये दाखवलं गेलं.

बेडकांबद्दल २०१९ साली कळलं. डराव डराव करून मादीला बोलावणाऱ्या बेडकांच्या अनेक कुळांतही नराच्या हंगामी ग्रंथींत एसपीएफ भरपूर बनतं. वेगवेगळ्या कुळांनी ते स्वतंत्रपणे कामाला लावलं आहे, आणि ज्या कुळांत ग्रंथी अशा जागी आहे की मिठीत घेतल्यावर तिचा स्राव मादीच्या नाकपुड्यांपर्यंत पोचावा, तिथेच.

बाटलीतल्या फेरोमोनचं काय?

'फेरोमोन परफ्यूम'च्या जाहिराती पाहून हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. माणसात अजून एकही फेरोमोन निर्विवादपणे सिद्ध झालेलं नाही. न्यूटच्या नाकातलं ते वेगळं दालन आपल्यात मोठेपणी कामाचं उरलेलं नाही, आणि त्याच्या कामासाठी लागणारं एक महत्त्वाचं जनुक आपल्या जनुकसंचात मोडक्या अवस्थेत पडून आहे. बाटलीतला वास आवडला तर जरूर घ्या. वास म्हणून.

आणि तिची चिठ्ठी

इतका वेळ बोलला तो नर. पण २०१७ मध्ये लाल पोटाच्या न्यूटच्या मादीचंही फेरोमोन ओळखलं गेलं. ते तिच्या अंडनलिकेतल्या पेशी सोडतात आणि हंगामात आलेले नर त्याच्याकडे ओढले जातात. नाव 'इमोरिन', जुन्या जपानीतल्या 'इमो', म्हणजे प्रिया, या शब्दावरून. सोडेफ्रिन दहा मण्यांचं होतं. हे तीन मण्यांचं.